खाणीच्या ढिगाऱ्यातून सिमेंट : किती शक्य, कुठे शक्य

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतून जाताना मधूनच एखादी टेकडी दिसते. तिच्यावर जुने झाड नसते आणि तिचे उतार पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले असतात. या टेकड्या खाणींनी उभ्या केल्या आहेत. एक टन लोहखनिज हाती यावे म्हणून इथे साधारण अडीच ते तीन टन माती-दगड उपसावे लागत, आणि ते जवळच कुठेतरी ओतले जात. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातले खाणकाम थांबले. फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणपट्टे रद्द झाले. मांडवी-जुवारीतल्या बार्जेस रिकाम्या झाल्या, ढिगारे मात्र हलले नाहीत. त्यांत 70 कोटी टनांहून अधिक माल पडून असल्याचा अंदाज आहे. पावसाळ्यात त्यातला तांबडा गाळ ओहोळांवाटे भातशेतीत उतरतो आणि शिरगाव, पिसुर्ले अशा गावांतले गाऱ्हाणे पुन्हा वर्तमानपत्रांत येते.

कोरड्या ढिगाऱ्यापेक्षा ओला कचरा अधिक घातक असतो. खनिज दळून, धुऊन, वेगळे केल्यावर जो बारीक गाळ उरतो तो टेलिंग्ज. तो पाण्यासकट मोठ्या बंधाऱ्यामागे साठवतात. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात 5 नोव्हेंबर 2015 रोजी मारियानाजवळचा असा एक बंधारा फुटला. 19 माणसे दगावली आणि गाळ दोसी नदीतून सहाशेहून अधिक किलोमीटर वाहत अटलांटिकपर्यंत गेला. त्याच राज्यात 25 जानेवारी 2019 रोजी ब्रुमाजिन्यो येथील वाले कंपनीचा बंधारा कोसळला. त्यात 270 बळी गेले. त्यानंतर ऑगस्ट 2020 मध्ये टेलिंग्जच्या व्यवस्थापनासाठी पहिला जागतिक मानदंड जाहीर झाला. बंधारे भक्कम करण्याच्या चर्चेबरोबर दुसरा प्रश्नही जोर धरू लागला : हा गाळ साठवायचाच कशाला?

याच काळात सिमेंट उद्योग उलट्या अडचणीत होता. जगात वर्षाला सुमारे 400 कोटी टन सिमेंट बनते आणि मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी 7 ते 8 टक्के त्यातून येतो. उत्पादनात चीनच्या पाठोपाठ भारत आहे. एका उद्योगाला टाकाऊ माल कुठे ठेवावा कळत नाही आणि दुसऱ्याला चुनखडकाला पर्याय हवा आहे, तर दोघांची गाठ घालून द्यावी, ही कल्पना आकर्षक आहे. गेल्या दोन दशकांत तिच्यावर जगभर प्रयोग झाले. त्यांतून जे हाती आले ते सगळे सारख्या मोलाचे नाही. काही ढिगारे खरोखर सिमेंटची जागा घेतात, बरेचसे फक्त वाळूची घेतात आणि काहींना बांधकामापासून लांबच ठेवलेले बरे.

भट्टीत नेमके काय होते

सिमेंटच्या कारखान्यात चुनखडक आणि थोडी माती दळून सुमारे 1450 अंश सेल्सिअसला भाजतात. त्यातून क्लिंकरचे काळसर गोळे मिळतात. ते जिप्समबरोबर दळले की साधे पोर्टलंड सिमेंट तयार होते. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने 1824 मध्ये या नावाचे पेटंट घेतले. तेव्हापासून भट्ट्या कितीतरी सुधारल्या, पण मूळ रसायन तेच राहिले.

अडचण त्या रसायनातच आहे. चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शुद्ध चुनखडकाचा एक टन भाजला की 440 किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच सुटतो. भट्टीला लागणारा कोळसा वा पेटकोक जाळून होणारा धूर त्याच्यावर. सिमेंटच्या एकूण कार्बनपैकी साधारण 60 टक्के दगडाचा आणि उरलेला बहुतांशी इंधनाचा असतो. म्हणून भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी निम्म्याहून अधिक धूर तसाच राहील. तो टाळायचा तर क्लिंकर कमी वापरणे हाच आजचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

एखाद्या पर्यायाची पारख त्यामुळे एका प्रश्नाने करता येते : त्याने पोत्यातले क्लिंकर किती कमी झाले? खाणीच्या कचऱ्याबद्दलच्या उत्साही जाहिरातींत हाच आकडा बहुधा सापडत नाही.

सुरखीचे शास्त्र

क्लिंकर कमी करायचे तर त्याच्या जागी काय घालायचे? याचे उत्तर सिमेंटहून जुने आहे. रोमन लोक चुन्यात पोझुओलीची ज्वालामुखी राख मिसळत. आपल्याकडे चुन्याच्या घाणीत सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, पडत असे. पेशवाईतल्या वाड्यांपासून इंग्रजी अमदानीतल्या पुलांपर्यंत चुना-सुरखीचे बांधकाम महाराष्ट्राने पाहिले आहे. स्वातंत्र्यानंतर भाक्रा धरणाच्या काँक्रीटमध्येही भाजलेल्या शेलची पूड वापरली गेली.

सुरखी काम कशी करते? सिमेंटला पाणी लागले की बळकटी देणाऱ्या संयुगांबरोबर थोडा विरलेला चुनाही तयार होतो. तो स्वतः फारशी ताकद देत नाही. नीट भाजलेल्या मातीतले सिलिका आणि ॲल्युमिना या चुन्याशी संयोग पावतात आणि त्यातून आणखी बंधक तयार होतो. म्हणजे क्लिंकर कमी घालूनही बळ टिकते. मात्र एक अट आहे. सिलिका-ॲल्युमिनाची आतली रचना विस्कटलेली असावी लागते. स्फटिकासारखी घट्ट रचना असलेली सिलिका चुन्याला दाद देत नाही. नदीतली वाळू जवळजवळ सगळी सिलिकाच असते, पण चुन्यात कितीही दिवस कालवून ठेवली तरी ती वाळूच राहते.

माती या कसोटीला उतरते ती केओलिनाइट या खनिजामुळे. 700 ते 850 अंशांच्या दरम्यान भाजल्यावर त्यातले पाणी निघून जाते, रचना मोडते आणि ते चुन्याशी जोमाने संयोग पावू लागते. हे शेंगदाणे भाजण्यासारखे आहे : आच कमी पडली तर कच्चे राहतात, जास्त झाली तर करपतात. फार तापलेल्या मातीत पुन्हा नवे स्फटिक बनतात आणि ती निकामी होते.

या तत्त्वावर उभे राहिलेले आजचे सर्वांत महत्त्वाचे सिमेंट म्हणजे एलसी-3. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठाच्या प्राध्यापक कॅरन स्क्रिव्हनर, क्यूबातील फर्नांडो मार्तिरेना आणि दिल्ली व मद्रास येथील आयआयटींतले संशोधक यांच्या सहकार्यातून ते विकसित झाले. त्याची प्रचलित कृती अशी : निम्मे क्लिंकर, 30 टक्के भाजलेली माती, 15 टक्के न भाजलेला चुनखडक आणि 5 टक्के जिप्सम. माती आणि चुनखडक एकमेकांच्या साथीने काम करतात, म्हणून निम्मे क्लिंकर काढूनही ताकद फारशी घटत नाही. कार्बन 30 ते 40 टक्क्यांनी कमी होतो. झाशी येथे या सिमेंटचे एक प्रात्यक्षिक घर बांधले गेले. भारतीय मानक ब्यूरोने 2023 मध्ये त्यासाठी आयएस 18189 हे स्वतंत्र मानक काढले. कोलंबियातील रिओ क्लारो आणि घानातील तेमा येथे माती भाजण्याचे मोठे कारखाने चालू झाले आहेत. घानासारख्या देशाला क्लिंकर आयात करावे लागते, त्यामुळे तिथे पर्यावरणाआधी परकीय चलनाचा हिशेब पटतो.

खाणीच्या कचऱ्याचा धागा इथे जुळतो. एलसी-3 ला चिनी मातीच्या कपबश्यांसाठी लागते तसली शुभ्र, शुद्ध माती नको असते. 40 टक्क्यांच्या आसपास केओलिनाइट असले की पुरते. अशी मध्यम प्रतीची माती चिनी मातीच्या खाणींत, बॉक्साइटच्या थराखाली आणि जांभ्याच्या प्रदेशातल्या खाणींच्या वरच्या थरांत सापडते, आणि आज ती बहुधा टाकून दिली जाते. 15 टक्के चुनखडकाचेही तसेच. क्लिंकरसाठी नाकारलेला, अशुद्ध चुनखडक इथे चालतो. राजस्थानात मकराणा-किशनगड भागात संगमरवर कापताना निघणारी पांढरी पूड रस्त्याकडेला साचते. तीही मुळात कार्बोनेटच आहे आणि या जागी तिच्या चाचण्या झाल्या आहेत.

लोखंडाचा गाळ, कोळशाचा दगड

सगळ्या कचऱ्याला मात्र हा न्याय लागू होत नाही. लोहखनिजाच्या टेलिंग्जचे उदाहरण घ्यावे. कर्नाटकात कुद्रेमुख येथे मॅग्नेटाइटयुक्त क्वार्ट्झाइट दळून लोह वेगळे केले जाई आणि उरलेला गाळ लख्या धरणामागे साठे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 2005 च्या अखेरीस ती खाण बंद झाली. धरणामागे कोट्यवधी टन गाळ उरला. रासायनिक पृथक्करणाचा कागद पाहिला तर त्यात भरपूर सिलिका दिसते आणि हे सिमेंटला चालेल असे वाटते. पण ती सिलिका क्वार्ट्झच्या रूपात आहे, म्हणजे घट्ट स्फटिक. ती कितीही बारीक दळली तरी सिमेंटमध्ये मुख्यतः भरणा म्हणून राहते. टेलिंग्जवरच्या अनेक प्रबंधांत हा फरक पुसट होतो. काँक्रीटची ताकद टिकली एवढे सांगितले जाते, पण ती क्लिंकर कमी करून टिकली की वाळू बदलून, हे वाचकाला शोधावे लागते.

गडचिरोलीत सूरजागडच्या लोहखाणीच्या निमित्ताने हा प्रश्न महाराष्ट्राच्या दारात येऊन ठेपला आहे. तिथे कमी प्रतीचे, सिलिकायुक्त लोहखनिज समृद्ध करण्याच्या योजना आहेत. अशा प्रक्रियेत मागे राहणाऱ्या गाळात क्वार्ट्झ भरपूर असणार. त्याच्याकडून सिमेंटची अपेक्षा धरण्यापेक्षा विटा, फरसबंदी आणि वाळू यांसाठी आधीपासून तयारी ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

कोळशाच्या खाणीतला दगड याच्या मधोमध येतो. कोळशाच्या थरांबरोबर निघणाऱ्या शेलमध्ये पुष्कळदा केओलिनाइट असते. चीनमध्ये कोळसा धुताना उरणाऱ्या दगडाचे प्रचंड ढीग आहेत. तो दळून, भाजून विटा आणि सिमेंटचे मिश्रण बनवण्याचे काम तिथे मोठ्या प्रमाणावर चालते. त्या दगडात थोडा कोळसा शिल्लक असल्याने भाजायला इंधनही कमी लागते. विदर्भातल्या कोळसा खाणींच्या, ‘ओबी’ (ओव्हरबर्डन) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ढिगाऱ्यांत वालुकाश्म, माती, शेल असे सगळे एकत्र ओतलेले असते. त्यांतला मातीचा भाग उपसतानाच वेगळा ठेवला तर उपयोगी पडू शकतो. एकदा सरमिसळ झाली की तो निवडण्याचा खर्च परवडत नाही.

तांबड्या चिखलाचा हिशेब

बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना कॉस्टिक सोडा वापरतात. एक टन ॲल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन तांबडा चिखल उरतो. काटेकोरपणे बोलायचे तर तो खाणीचा कचरा नव्हे, शुद्धीकरण कारखान्याचा आहे, पण त्याच साखळीतला. हंगेरीत ऑयका येथे 4 ऑक्टोबर 2010 रोजी त्याचा बंधारा फुटला, कोलोंतार आणि देवेचेर ही गावे चिखलाखाली गेली आणि 10 माणसे मेली. एप्रिल 2019 मध्ये झारखंडमधील मुरी येथे हिंडाल्कोच्या चिखलाचा ढीग ढासळला.

मराठी वाचकाला ही साखळी परकी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी भागातले बॉक्साइट घाटमाथ्यावरून बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याकडे गेलेले आहे, आणि त्याचा तांबडा चिखल बेळगावात उरला आहे. हिंडाल्कोने 2020 मध्ये जाहीर केले की अल्ट्राटेक सिमेंटला वर्षाला 12 लाख टन तांबडा चिखल पुरवला जाईल. दोन्ही कंपन्या आदित्य बिर्ला समूहातल्या. आपल्या तीन कारखान्यांत निघणारा सगळा चिखल वापरला जातो, असेही कंपनीने सांगितले. जगभरात या चिखलापैकी फारच थोडा, काही टक्केच, कामी येतो. त्या मानाने ही कामगिरी मोठी आहे.

पण कसोटीचा प्रश्न इथेही विचारायला हवा. हा चिखल भट्टीत जाणाऱ्या कच्च्या मिश्रणात लोह आणि ॲल्युमिनासाठी, जांभा व लिथोमार्ज यांच्या जागी पडतो. त्यामुळे जांभा खणावा लागत नाही, चिखलाचे तळे वाढत नाही. हे दोन्ही फायदे खरे आहेत. क्लिंकर मात्र तेवढेच बनते, चुनखडक तेवढाच भाजला जातो आणि कार्बन जवळजवळ तेवढाच निघतो. चिखलातल्या सोड्यामुळे मिश्रणात त्याचे प्रमाण काही टक्क्यांपुढे नेताही येत नाही. युरोपात रिॲक्टिव्ह या प्रकल्पात हाच चिखल केओलिनबरोबर भाजून क्लिंकरचा थेट पर्याय करण्याचे प्रयोग झाले. ते औद्योगिक प्रमाणावर स्वस्तात जमले तर चित्र पालटेल. तोवर तांबड्या चिखलाच्या वापराला कचरा व्यवस्थापनाचे यश म्हणावे, हवामानाचे नको.

वाळू : जिथे माल खरोखर जिरतो

आकारमानाचा विचार केला तर सिमेंटहून वाळू-गिट्टीचा बाजार कितीतरी मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2022 मध्ये जगाचा वाळू-खडीचा वापर वर्षाला 5000 कोटी टन असल्याचे म्हटले. म्हणजे सिमेंटच्या बारापट. टेलिंग्ज डोंगराएवढे असतील तर त्यांना गिळणारे तोंडही तेवढे मोठे हवे, आणि ते वाळूचे आहे.

ब्रुमाजिन्योच्या दुर्घटनेनंतर वाले कंपनीने या दिशेने पावले टाकली. मिनास जेराइसमधील ब्रुकुतू खाणीत लोह वेगळे करतानाच क्वार्ट्झचा भाग ठरावीक आकारात काढून तो वाळू म्हणून विकायला सुरुवात झाली. इताबिरितो येथे टेलिंग्जपासून फरसबंदीचे ठोकळे बनवणारा कारखानाही उभा राहिला. क्वीन्सलंड आणि जिनिव्हा विद्यापीठांच्या संशोधकांनी 2022 मध्ये या ‘खनिज-वाळू’चा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला धडा साधा आहे. साठवलेला गाळ उपसून वाळू करणे अवघड जाते, तर प्रक्रिया चालू असतानाच ती बाजूला काढणे सोपे पडते.

नागपूर जिल्ह्यात वेस्टर्न कोलफील्ड्सने हेच काम कोरड्या ढिगाऱ्यांवर केले. भानेगाव येथे छोट्या प्रमाणावर ओबीतून रेती वेगळी करून पाहिली आणि 2020 मध्ये गोंडेगाव येथे दिवसाला 2,500 घनमीटर रेती काढणारा प्रकल्प सुरू झाला. नागपूर सुधार प्रन्यासच्या प्रधानमंत्री आवास योजनेतील घरांना अशी रेती पुरवण्याचा करार झाला. कन्हान, वैनगंगा यांच्या पात्रांतला रेतीउपसा आणि त्याभोवतीची माफियागिरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या रेतीचे मोल वेगळे सांगायला नको. महाराष्ट्र सरकारने 2025 मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले. त्याचा रोख दगड फोडून वाळू करण्यावर आहे. आधीच फोडून ठेवलेल्या ओबीला त्या धोरणात हक्काची जागा मिळाली तर नवे डोंगर कमी फुटतील.

सिमेंटविना काँक्रीट

आणखी एक वाट क्लिंकरला पूर्ण रजा देणारी आहे. सोव्हिएत युक्रेनमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी 1950 च्या दशकात धातूची मळी अल्कलीने घट्ट करण्याचे तंत्र मांडले. फ्रान्समध्ये जोझेफ दाविदोव्हिट्स यांनी 1970 च्या दशकात अशा पदार्थांना जिओपॉलिमर हे नाव दिले. राख, मळी किंवा भाजलेली माती सोडियम सिलिकेट व कॉस्टिकच्या द्रावणात कालवली की दगडासारखा बंधक तयार होतो. ऑस्ट्रेलियात तूवूंबा येथील विमानतळावर 2014 मध्ये विमाने उभी करण्याच्या फरसबंदीसाठी सुमारे 40,000 घनमीटर असे काँक्रीट ओतले गेले. भारतात 2020 मध्ये आयएस 17452 द्वारे कारखान्यात ओतलेल्या तयार वस्तूंसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली.

टेलिंग्जपासून जिओपॉलिमर करण्याचे प्रयोग असंख्य आहेत आणि बहुतेक प्रयोगशाळेतच थांबतात. क्वार्ट्झची अडचण इथेही आडवी येते. शिवाय ते द्रावण महाग, त्याच्या निर्मितीलाही बरीच ऊर्जा लागते आणि गवंड्याच्या हाताला ते भाजते. फरशा, ठोकळे, पाइप अशा कारखानी वस्तूंना हे तंत्र शोभते. गावातल्या घराच्या स्लॅबला ते इतक्यात पोचणार नाही.

जे भिंतीत घालू नये ते

अमेरिकेतील कोलोराडो राज्यात ग्रँड जंक्शन हे शहर आहे. 1950 आणि 1960 च्या दशकांत तिथल्या युरेनियम कारखान्याची टाकाऊ वाळू लोकांनी फुकट नेली आणि पायाखाली, काँक्रीटमध्ये, रस्त्यांत घातली. वाळू चांगली होती, बांधकामही पक्के झाले. पुढे घरांत रेडॉन वायू आणि किरणोत्सर्ग आढळला. सरकारी खर्चाने चार हजारांहून अधिक जागा खणून साफ कराव्या लागल्या. कचऱ्याच्या पुनर्वापराचे कौतुक करताना हे शहर विसरता येत नाही.

भारतातही सावध राहावे अशा जागा आहेत. ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइटच्या खाणींचे ओबी आहे आणि तिथल्या पाण्यात सहा-संयुजी क्रोमियम आढळलेले आहे. कोलार गोल्ड फील्ड्सची खाण 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाली. तिथल्या ढिगाऱ्यांना लोक आजही सायनाइड डंप म्हणतात. काही विषारी धातू सिमेंटच्या घट्ट जाळ्यात अडकून राहतात हे खरे. पण इमारत पन्नास वर्षांनी पडते, तिचा राडारोडा होतो, त्यावर पाऊस पडतो. तेव्हा काय झिरपेल, याची चाचणी आज करावी लागते.

विषाशिवाय दुसरा धोका गंधकाचा. धातूंच्या अनेक टेलिंग्जमध्ये पायराइट आणि पायरोटाइट असतात. हवा-पाण्याने ते गंजतात, फुगतात आणि काँक्रीट आतून फुटते. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात एका खाणीच्या पायरोटाइटयुक्त खडीमुळे हजारो घरांचे पाये तडकू लागले, तेही बांधल्यानंतर दहा-वीस वर्षांनी. ती साधी खडी होती. टेलिंग्ज वापरताना ही शक्यता अधिक असते. काँक्रीट ओतल्यावर अठ्ठावीस दिवसांनी मोजलेल्या ताकदीचा दाखला इथे पुरा पडत नाही.

अशा कचऱ्याचा उत्तम उपयोग पुष्कळदा खाणीतच असतो. हिंदुस्तान झिंक राजस्थानात टेलिंग्जमध्ये थोडे सिमेंट मिसळून ती भुयारातल्या रिकाम्या पोकळ्यांत परत भरते. त्याने छत सावरले जाते आणि बंधाऱ्यावरचा भारही हलका होतो.

अंतर, रंग आणि सरकारी कागद

तंत्र जमले तरी बाजार वेगळे प्रश्न विचारतो. पहिला अंतराचा. माती किंवा गाळ स्वस्त आणि जड असतो. शंभर-दीडशे किलोमीटरपुढे ट्रकचे भाडेच मालापेक्षा जास्त होते. गोव्याची गोम अशी की ढिगारे आहेत, पण क्लिंकरचा कारखाना नाही, आणि चुनखडकाचा पट्टा घाटापलीकडे बागलकोट-कलबुर्गीच्या बाजूला आहे. गोव्यातली माती भाजून बंदरातून किंवा रेल्वेने पाठवता येईल का, हा हिशेब कोणीतरी गंभीरपणे मांडायला हवा. चंद्रपूर याच्या नेमके उलट आहे. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या पट्ट्यात चुनखडक, कोळसा, ओबीचे ढिगारे, औष्णिक केंद्राची राख आणि सिमेंटचे कारखाने एकाच जिल्ह्यात आहेत. देशात असा योग फार थोड्या ठिकाणी जुळून येतो.

दुसरा प्रश्न रंगाचा. लोहयुक्त माती भाजली की तांबडी होते आणि सिमेंटला गुलाबी झाक येते. आपल्याकडचा ग्राहक पोते उघडून आधी रंग पाहतो आणि करडा रंग म्हणजे ताकद असे धरून चालतो. भाजलेली माती ऑक्सिजन कमी ठेवून थंड केली तर ती करडी होते. हे तंत्र उपलब्ध आहे, पण खर्च वाढवते. गोव्याच्या मातीला हे दिव्य करावे लागेल.

तिसरा प्रश्न राखेचा. भारतात औष्णिक केंद्रांची राख मुबलक आहे. तीही भाजलेल्या मातीसारखी क्लिंकरची जागा घेते, शिवाय ती भाजावी लागत नाही आणि कारखान्यांना तिची सवय झाली आहे. 1996-97 मध्ये राखेचा वापर 10 टक्क्यांच्या आत होता, आज तो 90 टक्क्यांच्या वर आहे. हे आपोआप घडले नाही. 1999 च्या अधिसूचनेने केंद्रांपासून 50 किलोमीटरच्या आत राख वापरणे बंधनकारक केले, 2003 मध्ये ते 100 आणि 2016 मध्ये 300 किलोमीटरपर्यंत वाढवले. आधी नियम आले आणि मग बाजार तयार झाला. ब्रिटनमध्ये शेवटचे कोळसा वीजकेंद्र 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद पडले, तिथे ताज्या राखेचा मुद्दाच संपला. भारतात ती वेळ अजून लांब आहे. पण कारखाना उभारायला आणि गवंड्यांचा विश्वास मिळवायला लागणारा काळ धरला तर मातीच्या तयारीला आताच लागणे योग्य.

चौथा प्रश्न कागदाचा. ढिगारा कोणाचा? खाणमालकाचा, सरकारचा की ज्याच्या जमिनीत तो ओतला त्याचा? गोव्यात हा वाद वर्षानुवर्षे चालला. ओबीतून रेती काढली की ती गौण खनिज ठरते आणि राज्याची परवानगी, स्वामित्वधन, वाहतूक परवाने असे सगळे मागे लागते. टाकून दिलेल्या मालाला ताज्या खनिजाइतकाच जाच असेल तर तो कोणी उचलणार नाही.

मानकांची बाजू त्या मानाने बरी आहे. आयएस 383 ने 2016 पासून तांब्याची मळी, लोखंडाची मळी आणि राडारोड्याची खडी मर्यादेत चालवून घेतली. कार्बनला किंमत देणारी भारतीय व्यापार योजना 2023 मध्ये जाहीर झाली आणि सिमेंट त्या कक्षेत आले. क्लिंकर कमी करणाऱ्याला त्यातून पैसे मिळू लागले तर भाजलेल्या मातीचा खर्च भरून निघेल. वाळू बदलणाऱ्याला त्यातून फार काही मिळणार नाही, आणि ते रास्तच आहे.

एकंदर हिशेब असा. केओलिनाइट असलेला कचरा, मग तो चिनी मातीच्या खाणीचा असो, जांभ्याखालचा असो की कोळशाबरोबरच्या शेलचा, सिमेंटचा खरा पर्याय होऊ शकतो आणि हवामानाला त्याचा थेट लाभ आहे. क्वार्ट्झयुक्त टेलिंग्ज आणि वालुकाश्मी ओबी यांची जागा वाळू, विटा आणि फरसबंदीत आहे. त्याने नद्या वाचतील आणि बंधाऱ्यांवरचा भार घटेल, पण त्याला हरित सिमेंट म्हणणे दिशाभूल ठरेल. गंधक, क्रोमियम, आर्सेनिक किंवा किरणोत्सर्ग असलेला माल खाणीत परत जावा, लोकांच्या भिंतीत नको.

यासाठी पहिली गरज माहितीची आहे. खाणींचे आराखडे मंजूर करणाऱ्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरातच आहे. प्रत्येक मोठ्या ढिगाऱ्यात कोणती खनिजे किती आहेत, काय झिरपते आणि सर्वांत जवळचा सिमेंट कारखाना किती लांब आहे, याची नोंद ब्यूरोने खाणपट्ट्यागणिक सक्तीची करावी आणि ती सर्वांना पाहता येईल अशी खुली ठेवावी. नव्या खाणींना परवानगी देताना माती, शेल आणि वालुकाश्म वेगवेगळे ओतण्याची अटही घालावी. सूरजागडसारख्या ठिकाणी ही अट आत्ताच घालता येते. ढिगारे एकदा मिसळल्यावर तिचा उपयोग नाही.